फडावरचा दिवा आणि ट्रॅक्टरची दुसरी बॅटरी



दसरा सरला की गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी या भागांत घराघरांतून निघण्याची तयारी सुरू होते. ऊसतोडीच्या टोळ्या कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूर-साताऱ्याकडे, तर कोणी बेळगावच्या अंगाला जातात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, चूल, भांडी, शेळी, कोंबड्या आणि वर पोरेबाळे, असा पाच-सहा महिन्यांचा संसार चढतो. परदेशात हौशी लोक मोटारीमागे घरासारखा ट्रेलर जोडून रानावनात हिंडतात, तेथे त्याला मोठी मौज समजतात. आमच्याकडे ही मौज नाही, पोट आहे. पण विजेची अडचण दोघांचीही एकच, म्हणजे चाकावरच्या संसाराला दिवा कोठून द्यायचा. त्यांनी यावर जो तोडगा काढला तो आपल्याही उपयोगाचा आहे, म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून बॅटरीचा घेतला आहे.

निमित्त असे झाले. सोनपेठ तालुक्यातील एक ट्रॅक्टरमालक हरभऱ्याच्या बियाण्याची चौकशी करायला आले होते. बियाण्याचे बोलणे संपले तरी उठेनात. मग म्हणाले, "साहेब, ट्रॅक्टरला दुसरी बॅटरी टाकली तं जमंल का?"

मी विचारले, "पहिलीला काय झाले?"

तेव्हा त्यांनी मागल्या हंगामातली हकिगत सांगितली. टोळी फडाजवळ उतरलेली होती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन वायरी काढून चार कोप्यांत दिवे नेलेले, शिवाय मोबाइल लावायला एक पाटी आणि पोरांनी जोडलेला गाण्याचा डबा. रात्री दोनच्या सुमारास एका कोपीतली सहा-सात वर्षांची मुलगी पोटात दुखते म्हणून रडत उठली. थोड्या वेळाने तिच्या पापण्या जड पडू लागल्या. कशाने चावले ते कोणी पाहिले नव्हते, अंगावर खूणही नीट दिसेना. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली की असेच होते. मालकाने धावत जाऊन किल्ली फिरवली, तर सेल्फ नुसता टक् टक् करी. मागे निम्मी भरलेली ट्रॉली, चाकाखाली ओली सरी, त्यामुळे ढकलूनही हलेना. शेजारच्या फडावरच्या टोळीचा ट्रॅक्टर आणून दोराने ओढून चालू केला, तोवर बराच वेळ गेला. मुलगी दवाखान्यात पोचली, इंजेक्शने मिळाली, वाचली. "पण साहेब, तेवढ्या वेळात माझं काय झालं ते मलाच ठावं," असे म्हणून ते गप्प बसले.

त्यांना वाटत होते की बॅटरी लहान पडली, आणखी एक जोडली की झाले. गावातल्या कोणीतरी त्यांना तसेच सांगितले होते, की दुसरी बॅटरी आणा आणि पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह जोडून टाका. मी म्हटले, "असे केलेत तर एकाऐवजी दोन बॅटऱ्या उतरतील आणि ट्रॅक्टर तरीही सुरू होणार नाही." ते चमकले. आपल्यापैकी पुष्कळांचा हाच समज असतो, म्हणून हे जरा फोडून सांगतो.

दोन हौद शेजारी बांधले आणि तळाशी पाइप टाकून जोडले तर दोन्हींतले पाणी एकाच पातळीला येते. एकातून उपसले की दुसऱ्यातलेही खाली जाते. समोरासमोर जोडलेल्या दोन बॅटऱ्यांचे असेच होते. दिवे दुप्पट वेळ चालतील हे खरे, पण संपतील तेव्हा दोन्ही संपतील. त्यातही एक बॅटरी जुनी असली तर ती रात्रभर नवीनीला ओढत राहते. म्हणून जोडणीचे पहिले सूत्र असे, की इंजिन चालू असताना दोन्ही हौद जोडलेले असावेत, म्हणजे दोन्ही भरतील, आणि इंजिन बंद झाले की मधला पाइप बंद व्हावा, म्हणजे दिव्याने उपसा केला तरी सेल्फचा हौद भरलेला राहील.

हा पाइप बंद करण्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. सर्वांत साधी म्हणजे हाताचा जाड स्विच. स्वस्त आहे, बिघडण्यासारखे त्यात काही नाही. पण दिवसभर तोडणी, मग भरणी, मग कारखान्यावर नंबर लावून जागरण केलेला माणूस रात्री तो स्विच बंद करायला विसरणार नाही, याची हमी कोण देणार? मी तरी देत नाही.

दुसरी तऱ्हा डायोडची. विहिरीवरच्या पाइपाला फूटव्हॉल्व्ह असतो, तो पाणी वर येऊ देतो पण परत जाऊ देत नाही, तसेच डायोडचे काम आहे. मात्र साधा डायोड स्वतःसाठी अर्धा-पाऊण व्होल्ट खाऊन टाकतो. अल्टरनेटरकडून 14.2 व्होल्ट निघाले तर बॅटरीपर्यंत साडेतेराच पोचतात आणि बॅटरी कधी पुरती भरत नाही. अशी अर्धपोटी बॅटरी महिन्या-दोन महिन्यांत कडक होते. तिच्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर बसतो आणि मग तो निघत नाही.

तिसरी तऱ्हा साध्या रिलेची. गावातला वायरमन किल्लीच्या वायरवरून रिले जोडून देतो. किल्ली लावली की दोन्ही बॅटऱ्या जुळतात, काढली की सुटतात. हे बरे, पण यात एक खोड आहे. किल्ली फिरवून सेल्फ मारण्याच्या क्षणीसुद्धा दोन्ही जुळलेल्या असतात. सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर आणि थंडीत त्याहूनही जास्त ओढतो. तो दुसऱ्या बॅटरीकडूनही ओढू पाहतो, आणि मधली वायर त्या मानाने बारीक असल्यामुळे फ्यूज तरी उडतो किंवा रिलेचे पॉइंट तरी चिकटतात. पॉइंट चिकटले की दोन्ही हौद कायमचे जुळले, आणि ते कळते थेट रात्री दोन वाजता.

म्हणून माझी पसंती चौथ्या तऱ्हेला. व्होल्टेज पाहून चालणारा रिले मिळतो. तो किल्लीकडे पाहत नाही, सेल्फच्या बॅटरीकडे पाहतो. इंजिन सुरू होऊन तिचे व्होल्टेज 13.3 च्या आसपास चढले, म्हणजे अल्टरनेटर भरू लागला असे समजून तो दुसरी बॅटरी जोडतो. इंजिन थांबून व्होल्टेज 12.8 च्या आसपास उतरले की आपोआप सोडतो. विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. याहून वरची पायरी म्हणजे बॅटरीवरून बॅटरी भरणारा चार्जर. तो महाग असतो. लिथियमची बॅटरी घेणार असाल तर मात्र तो लागतोच, त्याचे कारण पुढे सांगतो.

आता दुसरी बॅटरी कोणती घ्यावी. ट्रॅक्टरला असते तसलीच आणखी एक घ्यावी असे कोणालाही वाटेल, पण तेथेच पैसे बुडतात. सेल्फच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. काही सेकंद भरमसाट करंट द्यायचा आणि लगेच इंजिनकडून भरून घ्यायचे, एवढ्यासाठी ती घडवलेली. पैलवानाला कुस्ती येते म्हणून त्याला दिवसभर नांगराला जुंपता येत नाही. रोज रात्री दिव्यासाठी अशी बॅटरी खोल उतरवली तर एका हंगामातच तिचे मातेरे होते. दिव्याला जाड प्लेटांची, सावकाश देणारी आणि खोल उतरून पुन्हा भरणारी बॅटरी हवी. पूर्वी ती शोधावी लागे. आता ई-रिक्षा तालुक्या-तालुक्यांत फिरू लागल्यापासून तिची 12 व्होल्टची बॅटरी सहज मिळते, आणि हादऱ्याची तिला सवय असते. घरातल्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरीही दिव्याला चांगली, पण ती एका जागी बसण्यासाठी केलेली. 150 अँपिअर-अवरची असली तर वजन पन्नास किलोच्या पुढे जाते, आणि नांगरटीच्या रानातून ट्रॉलीत उड्या खात गेली की फार टिकत नाही.

किती मोठी घ्यावी, याचा हिशेब पाण्याच्या पाळीसारखाच मांडावा. 9 वॉटचा 12 व्होल्टवर चालणारा एलईडी दिवा पाऊण अँपिअर घेतो. चार कोप्यांचे चार दिवे म्हणजे तीन अँपिअर. संध्याकाळी तीन तास, आणि पहाटे बायका तीन-साडेतीनला उठून भाकरी थापतात ते दोन तास, असे पाच तास धरले तर 15 अँपिअर-अवर झाले. मोबाइलला वरवर काही लागत नाही असे वाटते. पण आजचा मोठा मोबाइल रिकामा होऊन पुरता भरला तर मधली गळती धरून 2 अँपिअर-अवर घेतो. टोळीत दहा मोबाइल असले की 20 झाले, म्हणजे चार दिव्यांपेक्षा जास्त! एखाद्या बाळंतिणीच्या कोपीत 12 व्होल्टचा लहान पंखा असेल तर तासाला दोनेक अँपिअर धरा, सहा तासांचे 12. सगळे मिळून 47. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे आयुष्य वाढते. तेव्हा 47 च्या दुप्पट, म्हणजे 100 अँपिअर-अवरची बॅटरी या टोळीला बरोबर बसते. गाण्याचा डबा मी हिशेबात धरलेला नाही. तो ज्याचा त्याने धरावा.

एक सूचना येथेच करतो. बॅटरीवर लहान इन्व्हर्टर लावून त्यावर घरचे 230 व्होल्टचे बल्ब लावू नयेत. बदलाबदलीत वीज वाया जाते. शिवाय ओल्या सरीत, अनवाणी पायांत, उघड्या जोडांवर 230 व्होल्ट खेळवणे म्हणजे घात. सरळ 12 व्होल्टचेच दिवे घ्यावेत.

लिथियमबद्दल बरेच जण विचारतात. लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरी वजनाला निम्म्याहून कमी, निम्म्याऐवजी ऐंशी टक्के वापरता येणारी आणि पुष्कळ वर्षे टिकणारी आहे, हे सर्व खरे. पण ती रिकामी असताना इतक्या हावरटपणे करंट ओढते, की ट्रॅक्टरचा लहान अल्टरनेटर तापून जळू शकतो. बऱ्याच ट्रॅक्टरवर तो 35-40 अँपिअरच्या आसपासचा असतो आणि त्याने सतत पुरते वजन ओढावे अशी त्याची बांधणी नसते. म्हणून मध्ये ठरावीकच करंट घेणारा चार्जर पाहिजे. ज्यांना हा दुहेरी खर्च झेपतो त्यांनी जरूर घ्यावी. उचल घेऊन निघणाऱ्या टोळीला आज तरी लेड-अॅसिडच परवडते.

आता वायरीचे. येथे लोक काटकसर करतात आणि तीच महागात पडते. घराच्या फिटिंगची अडीच चौरस मिलिमीटरची वायर चार मीटर नेली, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर झाली. तिच्यातून 25 अँपिअर जाऊ लागले तर वाटेतच दीड व्होल्ट गळतो. टाकीतून पाइप चार इंची आणि पुढे नळी पाऊण इंची, त्यातला हा प्रकार. दुसरी बॅटरी भरत नाही म्हणून दुकानदाराला शिव्या देतात, आणि दोष असतो वायरीचा. तेवढ्याच अंतराला 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर गळती पाव व्होल्टच्या आत राहते. टोके हाताने पिळून लावू नयेत. दाबयंत्राने थिंबल बसवून घ्यावीत.

ट्रॉलीत बॅटरी ठेवणार असाल तर निगेटिव्हची वायरही स्वतंत्र न्यावी. ट्रॅक्टरची बॉडी निगेटिव्ह असते, तेव्हा ट्रॉलीच्या हुकातून करंट येईलच असे काही जण समजतात. हुकाची पिन गंजलेली, चिखलाने भरलेली, दर गचक्याला हलणारी. तिच्यावर हा भरवसा ठेवू नये. ट्रॉली सोडता-जोडता यावी म्हणून मध्ये जाड दोन दातांचा प्लग घालावा. ई-रिक्षाचे सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो.

आणि फ्यूज. मधल्या वायरीला दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन हवेत, प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर एकेक. दिव्याच्या वायरीला आणखी एक लहान फ्यूज वेगळा. याबाबत मी हट्टी आहे, आणि त्याला कारण कोपी आहे. वर पाचट, बाजूला चटई, खाली वाळले वाढे आणि आत झोपलेली पोरे. 12 व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक ती वीज निरुपद्रवी समजतात. पण बॅटरीच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शेकडो अँपिअर धावतात आणि वायर क्षणात लाल होते. पाचट पेटायला तेवढे पुरे. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणाऱ्याला कोपीजवळ फिरकू देऊ नये.

इतके सांगून झाल्यावर मी त्या मालकांना विचारले, "रात्री तुमचा ट्रॅक्टर फडावर असतो का?"

ते हसले. "कुठला असतो? खेप घेऊन कारखान्यावर नंबरात उभा. कधी रात्र तिथंच, कधी दुसरा दिस."

म्हणजे ट्रॅक्टर गेला की दिवाही गेला! मागल्या हंगामात त्या रात्री ट्रॅक्टर फडावर होता हेच नशीब. या गृहस्थांच्या कामाला ट्रॅक्टरवर बसवलेली दुसरी बॅटरी अर्धीच उपयोगी. त्यांना फडावर राहणारी, ट्रॅक्टरशी काही देणेघेणे नसणारी बॅटरी हवी. बांधणीत याहून साधे काही नाही. लाकडी पेटीत बॅटरी ठेवायची, वर सौर पॅनेल लावायचे आणि दोघांच्या मध्ये चार्ज कंट्रोलर. ऊसतोडीचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा असतो, आभाळ स्वच्छ असते. 100 वॉटचे पॅनेल दिवसाकाठी 30 अँपिअर-अवरच्या आसपास भरते, 150 वॉटचे 45 च्या आसपास. वर मांडलेल्या हिशेबाला 150 चे पॅनेल लागेल. पंखा नसेल आणि मोबाइल दोन दिवसांआड लावले तर 100 मध्येही भागते. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. सोडताना याच्या उलट करावे. पॅनेलवर उसाची धूळ आणि चुलीची काजळी बसते, ती सकाळी ओल्या फडक्याने पुसावी. हे काम पोरांना द्यावे, ती आवडीने करतात.

अशा पेटीतही ट्रॅक्टरकडून भरण्यासाठी एक प्लग ठेवता येतो. ढगाळ दिवस आले, ट्रॅक्टर फडावर असला, तर त्या व्होल्टेजवाल्या रिलेमार्फत दोन-चार तास भरून घ्यावे. एक लक्षात असू द्यावे, लेड-अॅसिड बॅटरी पहिल्या काही तासांत भराभर भरते आणि शेवटचा पाव हिस्सा फार सावकाश घेते. कारखान्याच्या एका खेपेत इंजिन दोन-तीन तासच चालते, बाकी वेळ नंबरात बंद. तेवढ्यात बॅटरी पुरती भरेल असे समजू नये.

हाच विषय दिंड्यांनाही लागू आहे. संत जनाबाईंच्या गंगाखेडहून आणि जिल्ह्याच्या इतर गावांहून आषाढीला दिंड्या पंढरपुरी जातात. सोबतच्या ट्रकवर भांडी, तंबू, दिवे, भजनाचा माइक असतो. तेथे सौर पॅनेलवर विसंबू नये, दिवस पावसाचे असतात. गाडी मुक्कामापुढे मुक्काम अशी दिवसाला तासभरच चालते, तेव्हा इंजिनही फारसे भरत नाही. मुक्कामाच्या गावी शाळेत किंवा देवळात चार्जर लावून दुसरी बॅटरी भरून घेणे हाच खरा मार्ग. मात्र मोठ्या ट्रकवर दोन बॅटऱ्या पाहून, "येथे दुसरी आयतीच आहे," असे म्हणू नये. त्या दोन्ही एकामागे एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात, आणि सेल्फला दोन्ही लागतात. त्यातल्या एकीवरून 12 व्होल्टचे दिवे काढण्याची वाईट खोड आहे. तसे केले की जिच्यावर दिवे लावले ती उपाशी राहते आणि दुसरीला इंजिन गरजेपेक्षा जास्त भरते. एक उपासमारीने जाते, दुसरी अजीर्णाने. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो दोन्हींवर मिळून लावावा. तरीही रात्रभर दिवे लावण्याला वेगळी बॅटरीच बरी.

निगा आपल्या घरातल्या भगिनी जास्त नीट ठेवतात असा माझा अनुभव आहे, म्हणून हे त्यांना सांगतो. दर पंधरा दिवसांनी झाकणे उघडून पाणी पाहावे. प्लेटा उघड्या पडलेल्या असू नयेत. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे, बोअरचे किंवा फिल्टरचे पाणी चालत नाही, आपल्या मराठवाड्याच्या पाण्यात क्षार भारी. अॅसिड पुन्हा घालायचे नसते, उडते ते पाणीच. भरताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून पेटी दोन्ही बाजूंनी भोके पाडलेली असावी, झोपायच्या कोपीत ठेवू नये आणि तिच्यावर वाकून कोणी विडी पेटवू नये. टर्मिनलवर हिरवा-पांढरा फुलोरा आला तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. वायर सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. अॅसिड अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने पुष्कळ वेळ धुवावे, हळद-चुना काही लावू नये, आणि डोळ्यात गेले असेल तर दवाखाना गाठावा.

बॅटरी किती उरली हे दिव्याच्या उजेडावरून ओळखू नये, दिवा मंद होतो तोवर उशीर झालेला असतो. एक लहान व्होल्टमीटर पेटीवर बसवावा. दिवे आणि भरणे दोन्ही बंद करून काही तास विसावा दिलेली बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवत असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली आली तर दिवे बंद करून मोबाइल काढून घ्यावेत. ठरलेल्या व्होल्टेजला आपोआप तोडणारी लहान चकतीही मिळते, तीही लावावी. लिथियमला मात्र हा मीटर फसवतो. ती जवळजवळ शेवटपर्यंत एकच आकडा दाखवते आणि मग एकदम संपते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला विकताना किंवा घरी फोडून शिसे काढताना मी लोकांना पाहिले आहे. शिशाचा धूर आणि धूळ पोरांच्या मेंदूला अपाय करते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. दुकानदार नवीन देताना जुनी घेऊन किंमत वळती करतो, तेथेच द्यावी.

असो. ते सोनपेठचे गृहस्थ मागच्या आठवड्यात पुन्हा आले. पेटी त्यांनी गावातल्या सुताराकडून करून घेतली आहे, तळाला रबर आणि वरून पट्टा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरच्या दिव्यांच्या वायरी त्यांनी स्वतःच कापून टाकल्या. मी त्यांना सांगितले होते, की फडावर जाण्याआधी घराच्या अंगणातच एक रात्र सगळे दिवे, सगळे मोबाइल लावून पाहा आणि आकडे लिहून आणा. त्यांनी आणलेला कागद मी पाहिला. पहाटे पाचला, दिवे बंद केल्यावर, पेटीतली बॅटरी 12.3. ट्रॅक्टरची 12.6. त्याखाली त्यांच्या मुलीच्या अक्षरात लिहिले होते, "सेल्फ पहिल्या वेळी लागला." दिवाळी झाली की टोळी निघणार आहे.